कोकणातलं रात्रीचं आकाश कॅमेऱ्यात: आधी तिथी, मग आयएसओ

आकाशगंगेचा फोटो कसा काढायचा, असं कुणी विचारलं की पहिला प्रश्न हमखास लेन्सचा येतो. मी उलट विचारतो, तिथी कोणती धरलीय? कारण देशावर अंधार मिळाला की काम झालं. कोकणच्या किनाऱ्यावर ज्या चंद्राने आकाश काळं किंवा पांढरं होतं, तोच चंद्र तुमच्या पायाखालचं पाणीही वरखाली करत असतो. कॅमेरा चुकला तर फोटो बिघडेल. पाण्याचा अंदाज चुकला तर कॅमेराच जाईल, आणि तेवढ्यावर निभावलं तर नशीब.

माझ्यावर हे शिकायची वेळ एका ऑक्टोबरातल्या अमावस्येला आली. संध्याकाळी सातला किनाऱ्यापासून थोड्या आत गेलेल्या खडकावर ट्रायपॉड लावला, समोर आकाशगंगा उभी, मी खूश. नवाच्या सुमारास मागे वळलो तर ज्या वाळूवरून आलो होतो तिथे पाणी. कमरेएवढ्या पाण्यातून, डोक्यावर बॅग घेऊन, चपला सोडून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांनी हसत हिशेब सांगितला. तो इथल्या मच्छीमारांना पाठ असतो आणि मी इथे जन्मून कधी विचारला नव्हता.

पाऊणपटीचा हिशेब

तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वेळेला पूर्ण भरती, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा, जरा पुढेमागे. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. अमावस्या किंवा पौर्णिमा १५ धरायची, म्हणजे सव्वाअकरा. भरतीपासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. नेमक्या वेळेसाठी भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघावंच, पण आराखडा आखायला पाऊणपट पुरते.

आता माझी अमावस्या तपासा. संध्याकाळी सव्वापाचला ओहोटी, रात्री सव्वाअकराला भरती. पाणी सगळ्यात वेगाने चढतं ते या दोन्हींच्या मधल्या दोन तासांत, म्हणजे सव्वासात ते सव्वानऊ. त्यात अमावस्येचं उधाण, पाणी नेहमीपेक्षा जास्त वर येणार. ऑक्टोबरात आकाशगंगा दिसण्याची नेमकी हीच वेळ! अंधारासाठी सर्वांत उत्तम मानलेली रात्र खडकावर उभं राहण्यासाठी सर्वांत वाईट निघते.

म्हणून मी अमावस्या सोडून शुद्ध तृतीया-चतुर्थी धरायला लागलो. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनला, म्हणजे ओहोटी रात्री सव्वाआठला. चंद्राची कोर आठच्या आसपास मावळते. सातला कोरीच्या उजेडात खडक, लाटा, माडांच्या रेषा टिपून घ्यायच्या. आठनंतर काळोख होतो आणि पाणी तेव्हा सगळ्यात लांब असतं. पुढचा दीड तास तुमचा. चतुर्थीला हेच सगळं पाऊण तासाने उशिरा. फक्त पाणी परतायला लागलं की आपणही परतायला लागायचं.

वर्षातले कोणते दिवस

आकाशगंगेचा दाट, फुगीर भाग धनु आणि वृश्चिक राशींच्या बाजूला आहे. जून ते सप्टेंबर हा भाग रात्री छान वर असतो आणि आपण घरात पागोळ्या मोजत असतो. पावसाने मधला सगळा हंगाम खाल्ल्यावर आपल्याकडे दोन तुकडे उरतात.

पहिला तुकडा मार्च ते मे, पहाटेचा. एप्रिलच्या मध्यात हा भाग रात्री साडेअकराच्या सुमारास आग्नेयेला उगवतो, एक-दीडला फोटोजोगा वर येतो आणि पहाटे पावणेपाचला बरोबर दक्षिणेला, साधारण ४४° उंचीवर असतो. दर महिन्याला दोन तास लवकर, हे लक्षात ठेवलं की मेचं गणित आपोआप सुटतं. आग्नेय म्हणजे जमिनीची बाजू, त्यामुळे या दिवसांत समुद्रापेक्षा सडा, म्हणजे कातळाचं पठार, बरा. आंब्याची गडबड असते, रस्ते रात्रीही जागे असतात. गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंतचे दिवस मला आवडतात. नवमीचा चंद्रसुद्धा पहाटे तीनच्या आधी मावळून जातो आणि पुढे उजाडेपर्यंत अंधार मिळतो. मेच्या उत्तरार्धात मात्र ढग जमायला लागतात, त्याच्या भरवशावर रजा टाकू नये.

दुसरा तुकडा ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात, संध्याकाळचा. कोकणासाठी खास हाच, कारण तेव्हा आकाशगंगेचं केंद्र, म्हणजे हाच फुगीर भाग, समुद्रात बुडतं. पश्चिमेपासून डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, साधारण ३०° सरकून ते नैर्ऋत्येला मावळतं. ऑक्टोबरच्या मध्यात ही वेळ रात्री दहाच्या सुमाराची. सूर्यास्तानंतर सव्वा तासाने पुरता अंधार होतो, म्हणजे साडेसात ते साडेनऊ हातात. आकाशगंगा तेव्हा क्षितिजावरून जवळजवळ उभी चढते, त्यामुळे कॅमेरा उभा धरला की डोक्यापर्यंतचा पट्टा बसतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर भाऊबीज आणि तिचा दुसरा दिवस साधावा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली तर केंद्र फार खाली गेलेलं असतं. अशा वर्षी नवरात्रातली तृतीया-चतुर्थीच गाठावी, पाऊस सरला असेल तर. शिवाय दिवाळीत गावागावात आकाशकंदील आणि फटाक्यांचा धूर असतो, तो वेगळाच.

डिसेंबर-जानेवारीत केंद्र दिसत नाही. पण मृग, व्याध, कृत्तिका ही मंडळी तेजस्वी असतात, हवा स्वच्छ असते आणि दक्षिणेला अगस्ती २०° पर्यंत चढतो. ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघा काढायला मला हेच दिवस बरे वाटतात.

जागा

उंच पठार आणि किनारा यांचे गुणदोष वेगळे आहेत. कातळसड्यावर चारही दिशांचं क्षितिज मोकळं मिळतं, पाण्याची भीती नाही, हवा थोडी कोरडी. किनाऱ्यावर पश्चिम हमखास मिळते, दक्षिण मात्र बहुतेक ठिकाणी डोंगराच्या टोकाआड जाते. म्हणून खाडीच्या तोंडाशी किंवा भूशिरावर जागा बघा. पुळणीच्या मधोमध उभं राहून काही हाती लागत नाही. जागा दिवसाच बघून ठेवा, कुठे घसरडं आहे, कुठून परतायचं, कुठल्या रिसॉर्टचा दिवा थेट डोळ्यांत येतो ते सगळं. रात्री गावची लाइट गेली तर मात्र नशीबवान समजा आणि कुणाला फोन करू नका.

समुद्राच्या बाजूला उजेड नसेल असं वाटतं, ते खरं नाही. क्षितिजावर मासेमारी बोटींच्या दिव्यांची रांग असते. एलईडी दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे, तरी पांढऱ्या उजेडाचे डोंब दिसले नाहीत अशी रात्र मला क्वचितच मिळाली. एखादी बोट फोटोत चांगली दिसते. दहा बोटी असल्या की क्षितिज चुन्यासारखं पांढरं पडतं.

सड्यावर दोन गोष्टी सांभाळा. एक, फुरसं. हा विषारी साप लहान असतो, कातळाच्या रंगात मिसळतो आणि दगडाच्या आडोशाला बसतो. घोट्यावर येणारे बूट घाला, दगड हाताने उचलू नका, बॅग उघडी टाकू नका. दोन, कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या सड्यांवर ती पायाखाली असतात आणि रात्री दिसत नाहीत. ट्रायपॉडचं टोकदार पाऊल चिऱ्यात कोरलेल्या रेषेवर टेकवणं म्हणजे फोटोपायी हजारो वर्षांची रेष खरवडणं. रबराचे पाय लावा आणि शिल्पाच्या बाहेर उभे राहा.

वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री टॉर्च, फ्लॅश, हेडलॅम्प काहीही नको. उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे चालायला लागतात. गावातल्या कासवमित्रांना विचारल्याशिवाय त्या वाळूवर रात्री उतरू नये. खरं तर या दिवसांत दुसरा किनारा बघावा, कोकणात किनाऱ्यांची कमी नाही.

आणि गावात सांगून जा. रात्री समुद्रावर दिवा हलताना दिसला तर लोक संशय घेणारच, किनारपट्टीवर तो घ्यायलाच हवा. पोलीस पाटलांच्या कानावर घातलं, ज्यांच्याकडे उतरलोय त्यांना जागा सांगितली की पुरतं. आमच्या ओळखीच्या एक आजी मला दर वेळी बजावतात, “सड्यार जातंस तर राखणदाराक सांगान जा.” राखणदार म्हणजे जागेचं रक्षण करणारा देव. मी सांगतो.

सामान

मॅन्युअल मोड (सगळे आकडे आपण ठरवायचे) आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल देणारा कुठलाही डिजिटल कॅमेरा चालतो. एफ २.८ ची रुंद लेन्स असली तर उत्तम (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), पण १८-५५ ची किट लेन्स १८ वर, एफ ३.५ ला ठेवून सुरुवात करा. दोन बॅटऱ्या, रिकामं कार्ड, रिमोट किंवा इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारं यंत्र). हेडलॅम्पवर लाल जिलेटीन कागद चिकटवा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत.

ट्रायपॉड जड हवा. वाळूत तो हळूहळू रुततो, वीस सेकंदांत केसभर रुतला तरी तारा लांबट येतो. यावर माझा उपाय तीन करवंट्या. उताण्या करून वाळूत दाबायच्या आणि त्यांच्या खोलगटात ट्रायपॉडचे पाय ठेवायचे. मधल्या दांड्याला बॅग अशी टांगायची की ती जमिनीला जेमतेम टेकेल. लोंबती ठेवली तर वाऱ्याने झोके घेऊन तीच ट्रायपॉड हलवते.

फोकस

निम्मे फोटो इथेच फुकट जातात. लेन्सवरची अनंताची खूण किंवा रिंगचं शेवटचं टोक यांवर विश्वास ठेवू नका. ऑटोफोकस बंद, लेन्समधलं स्टॅबिलायझेशनही बंद. लाइव्ह व्ह्यू चालू करून शुक्र, गुरू, व्याध असं तेजस्वी काहीतरी पडद्याच्या मधोमध घ्या, १० पट मोठं करा आणि रिंग इतकी हळू फिरवा की ठिपका लहान लहान होत जाऊन पुन्हा पसरायला लागेल. मग किंचित मागे. सर्वांत बारीक ठिपका म्हणजे फोकस. तारा सापडत नसेल तर लांबचा दीपस्तंभ किंवा क्षितिजावरची बोट चालते. आता फोकस रिंगवर चिकटपट्टी लावा. किट लेन्स असेल तर झूम रिंगवरही, कारण कॅमेरा वर तोंड करून राहिला की ती आपोआप घसरते. तासाभराने फोकस पुन्हा तपासा.

एक्सपोजर

पृथ्वी फिरते, तारे तासाला १५° सरकतात. ठिपका ठिपकाच राहावा म्हणून ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, येतील तितके सेकंद. क्रॉप, म्हणजे लहान आकाराचा, सेन्सर असेल तर आधी मिलिमीटरला १.५ ने गुणायचं. १८ गुणिले १.५ म्हणजे २७, आणि ५०० भागिले २७ म्हणजे साधारण १८ सेकंद. हा नियम फिल्मच्या काळातला, ढिला आहे. आजच्या २४ मेगापिक्सेलवर फोटो मोठा करून बघितला तर तारे तांदळासारखे दिसतात. मी ५०० च्या जागी ३०० धरतो, म्हणजे ११ सेकंद, फार तर १५ पर्यंत जातो. ध्रुवाकडे तोंड असेल तर तारे कमी सरकतात, तिथे २५ सेकंदही खपतात.

सुरुवातीचे आकडे: ॲपर्चर (लेन्समधलं भोक) सर्वांत उघडं, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००, शटर १५ सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ४००० केल्विन, दोन सेकंदांचा टायमर. चौकट ठरवताना आयएसओ १२८०० करून ५ सेकंदांचे रद्दी फोटो काढा. क्षितिज तिरकं आहे का, माडाची झावळी मध्ये येते का, हे त्यात लगेच कळतं. समुद्राचं क्षितिज अर्ध्या अंशाने कललं तरी डोळ्याला खुपतं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर भुलू नका. काळोखात तो इतका उजळ वाटतो की अंधारलेला फोटोही झकास दिसतो. पडद्याचा उजेड कमी करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. त्याचा डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा, डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा.

मग कशालाही हात न लावता तोच फोटो १६ वेळा काढा. १६ फोटोंची सरासरी काढली की रवाळपणा चौथ्या हिश्श्यावर येतो. कोकणातल्या उबदार रात्री सेन्सर तापतो आणि लाल-निळे ठिपके जास्त येतात. त्यांच्यासाठी शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच आकड्यांवर दहाएक काळे फोटो घ्यायचे. घरी सिक्वेटर नावाचं मोफत सॉफ्टवेअर जमीन स्थिर ठेवून आकाश जुळवून देतं. समोरच्या खडकांसाठी कोरीच्या उजेडातला वेगळा फोटो ठेवलाच आहे, ट्रायपॉड मात्र मधे हललेला नको. मिनिटभराच्या एक्सपोजरमध्ये लाटांचं धुकं होतं. कुणाला आवडतं, मला दोन-चार सेकंदांतली, फेसाची रेघ दिसणारी लाट जास्त खरी वाटते.

ध्रुवाभोवतीच्या रेघा

ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितकंच त्या जागेचं अक्षांश. कोकणात तो साधारण १६ ते १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठींहून थोडा कमी. इतका खालचा ध्रुव हिमालयातल्या फोटोग्राफरांना मिळत नाही. त्यामुळे आपल्याला तो एखाद्या दीपमाळेच्या शेंड्यावर नेऊन ठेवता येतो. रत्नागिरीच्या आसपास, १७ अंशांवर, हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याच्या पातळीपासून दीपमाळेची जेवढी उंची, तिच्या सव्वातीन पट अंतरावर, बरोबर दक्षिणेला उभं राहायचं. पाच मीटर असेल तर सोळा-सव्वासोळा मीटर. पुजारी किंवा गुरवांना आधी विचारा आणि आवारातला दिवा तासभर बंद ठेवता येईल का तेही.

उत्तर शोधायला मोबाइलचं होकायंत्र वापरू नका. सड्याच्या कातळात लोह आहे आणि देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ तर सुई भरकटते हे प्रसिद्धच आहे. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ पाचपट वाढवा. सप्तर्षी मावळले असतील तर शर्मिष्ठेच्या इंग्रजी एम आकारावरून अंदाज घ्या.

आकडे: आयएसओ ८०० ते १६००, एफ ४, शटर ३० सेकंद, एकामागून एक १२० फोटो. तासाभरात १५° च्या कमानी मिळतात, दोन तासांत ३०°. स्टारस्टॅक्समध्ये जोडा, तेही मोफत आहे. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन आठवणीने बंद करा. मी एकदा विसरलो. कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तितकाच वेळ स्वतःशी हिशेब करत बसला आणि दोन तासांच्या मेहनतीनंतर रेघांऐवजी टाक्यांची शिवण हाती आली. पश्चिमेकडे तोंड करून हाच प्रयोग केला तर वर्तुळं मिळत नाहीत. तारे किंचित उजवीकडे कलत, जवळजवळ सरळ समुद्रात उतरतात, पावसाच्या सरीसारखे.

दव आणि खार

कोकणातला खरा शत्रू ओलावा. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्स धुरकटते, म्हणून अर्धा तास आधी बॅगेसकट, बंदच, पडवीत ठेवा. संध्याकाळी समुद्राकडून खारे वारे येतात आणि काचेवर बारीक तुषार बसवतात. रात्र चढली की वारा उलटतो, जमिनीकडून मतलई वाहायला लागतात आणि समुद्रावरचं आकाश हळूहळू निवळतं. पण मग दव पडतं. लेन्सला हूड हवाच. पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा लेन्सभोवती गुंडाळला तर रात्रभर काळजी नाही. नसेल तर दर पंधरा मिनिटांनी लाल दिव्यात काच तिरकी बघा. खार बसलेली काच कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग किंचित ओल्या मऊ कापडाने टिपा. घरी आल्यावर झोप कितीही आली असली तरी ट्रायपॉडचे पाय सुटे करून गोड्या पाण्याने धुवा.

याच दमटपणामुळे क्षितिजालगतचं मूठभर आकाश कधीच स्वच्छ येत नाही, पिवळट-तपकिरी राहतं. संपादनात डीहेझ (धुरकटपणा काढायची पट्टी) ओढून ते निळं करायच्या नादाला लागू नका, समुद्र आजारी दिसायला लागतो. लाइटरूम असो वा मोफतचं डार्कटेबल, मी आधी व्हाइट बॅलन्स ठरवतो, मग मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट हलक्या हाताने वाढवतो आणि क्षितिजाला हात लावत नाही. ती तपकिरी पट्टी त्या रात्रीच्या हवेचीच असते.